मदत हवी आहे : मुलीला व्हॉन विलेब्रँड आजार, दोन अहवाल परस्परविरोधी, आणि पुढच्या महिन्यात दात काढायचे आहेत

नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. माझी मोठी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिला व्हॉन विलेब्रँड नावाचा, रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार असल्याचे रक्तविकारतज्ज्ञांनी गेल्या महिन्यात सांगितले. हे नाव आमच्या घरात कोणी ऐकलेले नव्हते. लक्षणे मात्र आम्ही तीन पिढ्या सोसत आलो आहोत, हे मला आता एकेक आठवू लागल्यावर कळते आहे. माझ्या काही शंका आहेत; ज्यांच्या घरात हा आजार आहे किंवा ज्यांचा या विषयाशी कामानिमित्त संबंध आला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी हकीकत सांगते. मुलगी तीन वर्षांची असल्यापासून तिचा घोळणा फुटतो. होळी उलटून ऊन तापायला लागले की आठवड्यातून दोनदा तरी नाकातून रक्त यायचे आणि ते थांबायला वीस-पंचवीस मिनिटे लागायची. आम्ही उष्णता समजून तिला कांदा हुंगायला द्यायचो, टाळूवर गार पाणी थापायचो, सकाळी गुलकंद द्यायचो आणि मान मागे टाकून निजवायचो. माझा घोळणा लहानपणी असाच फुटत असे, माझ्या आईचाही फुटत असे, त्यामुळे कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. तिच्या पोटऱ्यांवर आणि दंडांवर काळेनिळे डाग असायचे. कुठे आपटलीस विचारले, तर तिला आठवायचे नाही.

गेल्या वर्षी तिला पाळी आली. पहिली अकरा दिवस चालली, दुसरी चौदा. तिसऱ्या वेळी दर तासा-दीड तासाने पॅड बदलावे लागत होते, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत होत्या, आणि रात्री गादीवर प्लॅस्टिक अंथरून त्यावर जुनी सुती साडी चौघडी करून घालावी लागत होती. ज्यांना दाखवले त्यांनी सुरुवातीची दोन वर्षे असे होते, आपोआप सुरळीत होईल, असे सांगून पोटदुखीसाठी मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. मग एके दिवशी शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती कोसळली. हिमोग्लोबिन ६.८ निघाले. रुग्णालयात रक्त चढवले, हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि पहिल्यांदाच कोणीतरी विचारले, की घरात आणखी कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का.

तेव्हा मला माझ्या आईची आठवण झाली. तिची गर्भाशयाची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली, कारण अंगावरून जाणे कशानेच थांबत नव्हते. मामाची दाढ काढली, त्या रात्री उशीचा अभ्रा, दोन पंचे आणि पहाटेपर्यंत एक तांब्या रक्ताने भरला होता, ही गोष्ट तर आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितली जाते. माझे स्वतःचे म्हणाल, तर दोन्ही बाळंतपणे सुरळीत झाली. पण धाकट्याच्या बारशाला, बाराव्या दिवशी, मी पाळण्यापाशी उभी असताना एकाएकी पायांवरून रक्त ओघळू लागले. मला तसेच उचलून नेले आणि बारसे माझ्यावाचून आटोपले. ओली बाळंतीण असून फार वेळ उभी राहिली म्हणून झाले, असा ठपका माझ्यावर आला आणि मीही तो खरा मानला.

आता अहवालांविषयी. पहिली तपासणी रुग्णालयातून घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात झाली. त्या वेळी हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या आणि घसा सुजून तिला तापही होता. व्हॉन विलेब्रँड अँटिजेन, म्हणजे या आजारात कमी पडणाऱ्या प्रथिनाचे रक्तातले प्रमाण, ५७ आले, म्हणजे पन्नासच्या वर, म्हणून आजार नाही असे आम्हाला सांगण्यात आले. गोळ्या बंद झाल्यावर त्रास पुन्हा सुरू झाला, तेव्हा पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करवली. या वेळी अँटिजेन २८, त्याची कार्यक्षमता २६ आणि फॅक्टर ८ या रक्त गोठवणाऱ्या घटकाची पातळी ४६ आली. प्लेटलेटची संख्या दोन्ही वेळा व्यवस्थित, रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्यांपैकी प्रोथ्रॉम्बिन टाइम व्यवस्थित, एपीटीटी किंचित लांबलेला. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. टाइप १, म्हणजे प्रथिन सदोष नाही पण कमी आहे, असे निदान लिहिले आहे.

मी जे समजून घेतले ते असे, चुकत असेन तर दुरुस्त करावे. रक्तवाहिनीला इजा झाली की तिच्या भिंतीतले कोलॅजेन उघडे पडते. व्हॉन विलेब्रँड हे लांबलचक साखळीसारखे प्रथिन एका बाजूने त्याला आणि दुसऱ्या बाजूने प्लेटलेटना धरते, आणि अशा रीतीने जखमेवर पहिला बोळा बसतो. हेच प्रथिन फॅक्टर ८ ला आपल्या आधाराने रक्तात टिकवून धरते. आधार नसेल तर फॅक्टर ८ लवकर नष्ट होतो. म्हणजे प्लेटलेट मोजायला भरपूर असल्या तरी त्यांना जखमेला चिकटवणारा खळ कमी पडतो. जनुक बाराव्या गुणसूत्रावर असल्याने आजार मुलाला आणि मुलीला सारखाच होऊ शकतो. हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या दुसऱ्या आजाराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि तो आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळेच मुलीच्या बाबतीत रक्त न गोठण्याचा विचार आमच्या मनात कधी आला नाही.

एक गोष्ट वाचल्यापासून मला झोप लागत नाही. एरिक फॉन विलेब्रँड या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ साली या आजाराचे पहिले वर्णन केले. त्यांच्याकडे ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबातली योर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी आणली होती. ती पुढे तेराव्या वर्षी, तिच्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने गेली. माझी मुलगीही तेराचीच आहे.

माझे प्रश्न आता विचारते. दोन अहवालांपैकी कोणता खरा धरावा, की तिसऱ्यांदा तपासावे? धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला आजवर काहीही त्रास नाही; त्याची आणि माझी तपासणी करावी का? दातांच्या तारा बसवण्यासाठी पुढच्या महिन्यात मुलीचे दोन दात काढायचे आहेत आणि दंतवैद्य म्हणतात की कापूस दाबला की थांबेल, घाबरू नका. त्यांना काय सांगावे? आणि हे माझ्याकडून तिच्यात गेले असेल, तर ते तिला कसे सांगावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

*

विश्वामित्री (वडोदरा) :

ताई, मी तीस वर्षे पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, त्यामुळे अहवालांपुरतेच अधिकाराने बोलू शकतो. उपचारांचा निर्णय तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांचाच.

तुमचे दोन्ही अहवाल खरे असू शकतात. हे प्रथिन शरीरातल्या ताणाबरोबर वरखाली होते. ताप, सूज, नुकताच झालेला मोठा रक्तस्राव, रडारड, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, गरोदरपण, या सर्वांत त्याची पातळी वाढते. पहिल्या वेळी मुलीला ताप होता आणि गोळ्याही चालू होत्या. तेव्हा ५७ येणे म्हणजे मूळची पातळी झाकली जाणे होय. दुसरी तपासणी शांत अवस्थेत झाली, म्हणून ती अधिक विश्वासार्ह. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पातळी ३० च्या खाली असेल, तर रक्तस्रावाचा इतिहास नसला तरी टाइप १ धरतात, आणि ३० ते ५० मध्ये असेल तर इतिहास पाहून ठरवतात. ओ गटाच्या लोकांत हे प्रथिन इतरांपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी कमी असते, पण २८ चा खुलासा केवळ रक्तगटाने होत नाही, आणि तुमच्या घरचा इतिहास तर बोलका आहे. कार्यक्षमता आणि अँटिजेन यांचे प्रमाण २६ भागिले २८, म्हणजे ०.९ च्या वर येते. ते ०.७ पेक्षा कमी असते तर प्रथिन सदोष असल्याचा, म्हणजे टाइप २ चा संशय घ्यावा लागला असता.

तरीही एकदा पुन्हा तपासून घ्या, आणि नमुना कसा घेतला जातो याकडे स्वतः लक्ष द्या. सायट्रेट (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली निळ्या टोपीची नळी खुणेपर्यंत भरलेली असली पाहिजे. पुष्कळदा नमुना दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवतात. तो नळीसकट बर्फात ठेवून पाठवला, तर थंडीने हे प्रथिन कमी भरते आणि नसलेला आजार अहवालात दिसू लागतो. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, आधी वेगळा करून, गोठवून पाठवावा लागतो. हा प्रश्न काउंटरवर विचारायला संकोच करू नका. आमच्याकडे कोणी असे विचारले, तर मला त्या माणसाबद्दल आदरच वाटत असे.

बारशाच्या दिवशी जे झाले, त्यात उभे राहण्याचा काही दोष नव्हता. गरोदरपणात वाढलेली पातळी बाळंतपणानंतर एक ते तीन आठवड्यांत मूळपदावर येते, आणि या आजारात उशिरा होणारा रक्तस्राव नेमका त्याच काळात होतो. तुमची स्वतःची तपासणी मुलीइतकीच गरजेची आहे. मुलाचीही करा. तुम्हाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि एकाच घरात एकाला पुष्कळ त्रास व दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, असे टाइप १ मध्ये सर्रास दिसते. त्याचे टॉन्सिल किंवा अपेंडिक्स काढायची वेळ येईपर्यंत थांबू नये.

*

लष्करकर (ग्वाल्हेर) :

ताई, तुमचा धागा वाचून डोळे भरून आले. माझ्या पुतण्याला टाइप ३ आहे, त्याच्या रक्तात हे प्रथिन जवळजवळ नाहीच. माझ्या दिराचे लग्न त्यांच्या मामेबहिणीशी झाले आहे. टाइप ३ मध्ये दोष दोन्हीकडून यावा लागतो आणि नात्यातल्या लग्नांत तसे होण्याची शक्यता वाढते. त्याला हिमोफिलियासारखा गुडघ्यांतही रक्तस्राव होतो. तुमच्या मुलीचे टाइप १ त्या मानाने सौम्य असते, एवढा दिलासा घ्या.

दातांबद्दल मात्र कळकळीने सांगते. रक्तविकारतज्ज्ञांनी लेखी योजना दिल्याशिवाय दंतवैद्यांना दाताला हात लावू देऊ नका. साधारणपणे टाइप १ मध्ये आधी डेस्मोप्रेसिनची चाचणी घेतात. हे औषध रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साठलेले प्रथिन रक्तात सोडवते. ते देऊन एक तासाने आणि चार तासांनी पातळी मोजतात आणि पुरेशी वाढली, तरच दात काढताना त्यावर भिस्त ठेवतात. अंथरूण ओले करणाऱ्या मुलांसाठी याच औषधाचा नाकातला फवारा मिळतो, पण त्यातली मात्रा फारच कमी असते. दुकानदाराने नाव तेच आहे म्हणून दिला, तर घेऊ नका. औषधानंतर चोवीस तास पाणी बेतानेच प्यायचे असते, नाहीतर रक्तातले सोडियम उतरते. जोडीला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या, रक्ताची गुठळी विरघळू न देणाऱ्या औषधाच्या गोळ्या आणि त्याच्याच गुळण्या काही दिवस देतात. पाळीतही हेच औषध उपयोगी पडते, पण तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच.

मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन घरातून काढून टाका. या गोळ्या प्लेटलेटना दुबळ्या करतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. घोळणा फुटला, तर मान मागे टाकू नका, रक्त घशात उतरते. पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटे चिमटीत धरा. मधेच सोडून बघायचे नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही फार मनस्ताप सोसून शिकलो. अपघात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी फॅक्टर ८ द्या असे कोणी म्हणाले, तर त्या बाटलीत व्हॉन विलेब्रँड घटकही आहे का, ते विचारा. रिकॉम्बिनंट, म्हणजे रक्तापासून न काढता प्रयोगशाळेत बनवलेल्या, फॅक्टर ८ मध्ये तो नसतो, आणि त्याला रक्तात टिकवणारे प्रथिनच नसल्याने त्याचा उपयोग फार थोडा वेळ होतो. प्लाझ्मापासून बनवलेले, दोन्ही घटक असलेले औषध लागते. पुतण्याच्या खिशात नेहमी एक कार्ड असते. त्यावर आजाराचे नाव, टाइप, रक्तगट, काय द्यावे आणि काय देऊ नये, हे लिहिलेले असते. हिमोफिलिया फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था १९८३ पासून काम करते आणि व्हॉन विलेब्रँडच्या रुग्णांनाही साहाय्य करते. तिच्याकडे मुलीची नोंदणी जरूर करा.

*

धागाकर्ती :

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज दंतवैद्यांना फोन करून दात काढण्याची तारीख रद्द केली आणि रक्तविकारतज्ज्ञांची लेखी योजना मिळाल्यावरच पुढची तारीख घेऊ, असे स्पष्ट सांगितले. ते थोडे नाराज झाले, पण मी माघार घेतली नाही. सोमवारी आम्ही चौघे तपासणीला जातो आहोत, आईसुद्धा. वय बहात्तर आहे, आता कशाला, असे ती म्हणत होती. मग विश्वामित्री काकांचा बारशाबद्दलचा मजकूर मी तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, की तिच्या आईचेही, म्हणजे माझ्या पणजीच्या थोरल्या लेकीचे, तिसऱ्या बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनी असेच झाले होते, आणि त्याला सगळे बाहेरचे काहीतरी लागले असे म्हणत असत.

मुलीला मी काल सांगितले. तिने एवढेच विचारले, की म्हणजे मी नाजूक नव्हते, मला आजार होता? मी हो म्हटले. तिने कंपासपेटीतून पट्टी काढली, जाड कागदाचा तुकडा मापून कापला आणि त्यावर कार्डाचा मजकूर लिहायला घेतला. टाइपच्या पुढची जागा तिने सोमवारच्या अहवालासाठी मोकळी ठेवली आहे.