मदत हवी आहे: मातीचं अत्तर अर्ध्या तासात उडून जातंय

खिडकीतली (मंगळवार, सकाळी ११:१०)
नमस्कार मंडळी. मातीचं अत्तर घेतलंय, रोल-ऑनवालं. लावलं की पहिली दहा मिनिटं तापलेल्या अंगणात पाणी मारल्यासारखा वास. मी वेडी झाले आहे त्याच्यासाठी. पण कोलशेतहून निघून ठाण्याला ऐरोलीची गाडी पकडेपर्यंत सगळं गायब! मनगट नाकाला चिकटवलं तरी काही नाही. शनिवारी वाशीला नणंदेचा साखरपुडा आहे आणि मला हेच लावायचंय. टिकायला काय करू? कृपया 'दुसरं घ्या' असं सांगू नका.

नौपाडा_जुना
कुठून घेतलं, कितीला, कोणत्या तेलात आहे, लावता कुठे, किती? डॉक्टरांकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणण्यासारखा प्रश्न आहे हा.

खिडकीतली
मनगटावरच लावते, अजून कुठे लावणार? दोनदा फिरवते. ठाण्यातल्या एका प्रदर्शनात घेतलं.

साडीवेडी
ताई, सोपं आहे. आधी मनगटावर चिमूटभर व्हॅसलीन चोळायचं, त्यावर अत्तर. कोरडी कातडी तेल पिऊन टाकते. माझं मोगऱ्याचं असंच रात्रीपर्यंत टिकतं. आणि मनगटं एकमेकांवर घासू नका, त्याने वासाचे कण तुटतात.

रसायनवाला
कण वगैरे काही तुटत नाहीत. घासल्याने ऊब येते आणि वरवरचा हलका वास लवकर उडतो, एवढंच. मातीच्या अत्तरात तसा हलका वास मुळातच कमी असतो.

साडीवेडी
वीस वर्षं अत्तर वापरतेय मी.

रसायनवाला
मग वीस वर्षं घासत नसाल, त्यामुळे तुटतात की नाही ते कसं कळलं?

भजी_आणि_चहा
मातीसाठी मुलतानी माती उत्तम. गुलाबपाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवायची, पूर्ण वाळू द्यायची नाही. त्वचा एकदम मऊ होते, साखरपुड्यात चमकाल.

नौपाडा_जुना
अहो, अत्तराबद्दल चाललंय.

कुपीबंद
रोल-ऑन सोडा. पूर्वी घरोघरी अत्तरदाणी असायची. कापसाचा फाया करून अत्तरात बुडवायचा आणि कानाच्या वरच्या खोबणीत ठेवायचा. माझे आजोबा लग्नाला तसेच जायचे, परत येईपर्यंत दरवळ. कातडीच्या उबेने उडायचा प्रश्नच नाही, कापूस हळूहळू सोडत राहतो.

नौपाडा_जुना
फाया बरोबर. पण मूळ प्रश्न तेलाचा आहे. कन्नौजला हे अत्तर करतात तेव्हा भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर घालतात, तोंड मातीनेच लिंपतात आणि खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून शेजारच्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात जाते. भपका गार पाण्यात बसवलेला असतो आणि त्यात चंदनाचं तेल असतं. मातीचा वास त्या तेलात उतरतो. पाणी काढून टाकतात, तेल तेच ठेवून पुन्हा नवी माती लावतात, असं कित्येक दिवस. म्हणजे मातीच्या अत्तराचं अर्धं काम चंदन करतं. चंदन मागे रेंगाळतं म्हणून माती रेंगाळते. तेव्हा विचारतोय, कितीला घेतलं?

खिडकीतली
१८० रुपये. दहा मिली.

नौपाडा_जुना
झालं! म्हणजे लिटरला १८ हजार. चंदनाचं तेल किलोला लाखाच्या पुढे जातं. तुमच्या कुपीत चंदन असायचं कारणच नाही.

खिडकीतली
मी आधीच लिहिलंय, 'दुसरं घ्या' नको.

नौपाडा_जुना
घ्या म्हणालो नाही. काय आहे ते सांगितलं.

रसायनवाला
घरच्या घरी बघता येईल. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, एक थेंब टाका. पाणी दुधाळ होऊन थेंब विरला तर ते तेल नव्हे, डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, पाण्यात मिसळणारा द्रव), स्वस्त अत्तरांत सर्रास वापरतात. वर तवंग राहिला तर ते पाण्यात न मिसळणारं तेल. पण तवंग म्हणजे चंदनच असं नाही हं, पॅराफिनही तरंगतं.

नेरुळकर_नवा
इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. आमच्या सोसायटीच्या टाकीच्या पाण्याला हल्ली असाच मातकट वास येतोय. मुलं पाणी पीत नाहीत. कुणी म्हणतं टाकी धुवा, कुणी म्हणतं फिल्टर बदला.

रसायनवाला
तो वास बहुतेक जिओस्मिनचा. मातीतले काही जीवाणू आणि पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ ते तयार करतात, बीटरूटचा मातकट वासही त्याचाच. आपलं नाक याबाबतीत फार तिखट आहे, पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी कळतं. त्याने सहसा अपाय होत नाही, पण टाकी धुवून घ्याच. कार्बनच्या फिल्टरने वास जातो.

कुपीबंद
म्हणजे अत्तरातही तेच?

रसायनवाला
इथे गंमत आहे. भट्टीत भाजल्यावर ते जीवाणू काही उरत नाहीत, तरी वास येतो. बेअर आणि थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये 'नेचर'मध्ये याच वासावर निबंध लिहिला, 'पेट्रिकोर' हा शब्द त्यातलाच. त्यांचं म्हणणं असं की कोरड्या दिवसांत माती आणि दगड हवेतले तेलकट अंश शोषून घेतात आणि ओल लागली की सोडतात. आपल्याकडे हा वास चंदनतेलात उतरवतात याचीही त्यांनी नोंद घेतली आहे.

साडीवेडी
एवढं शास्त्र सांगून ताईंचा शनिवार कुठे सुटला?

भजी_आणि_चहा
वास टिकायला मुलतानी मातीतच अत्तराचे दोन थेंब टाकले तर?

खिडकीतली (बुधवार, रात्री ९:४०)
पेल्याचा प्रयोग केला. दुधाळ झालं. 😑 असो. आता एक सांगते, महत्त्वाचं नाही पण आठवलं. सोमवारी दुपारी डबा खाताना शेजारची मैत्रीण म्हणाली, "एसीतून गळतंय का गं? ओल्या भिंतीसारखा वास येतोय." आम्ही दोघींनी छताकडे पाहिलं. काही गळत नव्हतं.

नौपाडा_जुना
अहो ताई!! हे *पहिल्या* ओळीत यायला हवं होतं!

रसायनवाला
सकाळी लावलेलं दुपारी शेजारणीला येतंय. वास गेलेला नाही, तुमचं नाक त्याला सरावलंय. दिवसात किती वेळा मनगट हुंगता?

खिडकीतली
गाडीत... बऱ्याचदा. आहे का गेलं हे बघायला.

रसायनवाला
तेच. सतत एकच वास मिळाला की नाक तो नोंदवणं सोडून देतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, गावाहून आल्यावर पहिल्या मिनिटाला येतो, तसं. मनगट तोंडाजवळ असतं, तिथे लावूच नका. मानेच्या मागे लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

साडीवेडी
आणि व्हॅसलीन.

नौपाडा_जुना
दुपारी आला तो 'ओल्या भिंतीचा' आला, मातीचा नव्हे. खाली चंदन नसलं की असंच होतं. माझं म्हणणं कायम आहे.

कुपीबंद
मैत्रिणीला ओली भिंत वाटली कारण अत्तर लावलंय हे तिला माहीतच नव्हतं. ऑफिसात एसीखाली बसलेल्या माणसाला मातीचा वास आला तर तो छताकडेच बघणार. अंगणात आला असता तर म्हणाली असती पाऊस येतोय. फाया करा, ताई.

नेरुळकर_नवा
टाकी धुतली. तळाला बोटभर गाळ निघाला. धन्यवाद रसायनवाला.

खिडकीतली (रविवार)
झाला साखरपुडा. कानात फाया ठेवला, मानेमागे एकदा फिरवलं. मला हॉलमध्ये शिरल्यावर काहीच येत नव्हतं, पण हुंगलं नाही, शपथेवर. जेवणाच्या रांगेत चुलतसासूबाई मागे उभ्या होत्या. वाकून पाण्याच्या टेबलाकडे बघून म्हणाल्या, "माठ नवा दिसतोय, अजून मातीचा वास जात नाहीये त्याचा." टेबलावर बिसलरीच्या बाटल्या होत्या. मी काही बोलले नाही.

एकच घोळ. साडीवेडी, तुमचं व्हॅसलीनही लावलं होतं मनगटावर, ब्लाउजच्या लांब बाहीला तेलकट डाग पडलाय. रेशमी आहे. काय करू?

साडीवेडी
मी मनगटावर सांगितलं होतं, बाहीवर नाही. पाणी लावू नका! टाल्कम पावडर भुरभुरा, रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ ब्रशने झाडा.

नौपाडा_जुना
रंग कुठला आहे ब्लाउजचा? काल लगेच पुसलं होतं का? कशाने?