बातमीला मंत्र्याचा फोन लागतोच असं नाही

टीकेने मंत्री दुखावला की पत्रकाराचा फोन उचलत नाही आणि बातम्या आटतात, असं म्हणतात. ते पर्वरीतल्या, म्हणजे गोव्याच्या सचिवालयातल्या, बाइटपुरतं (कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रियेपुरतं) खरं. जमिनीच्या बातम्यांना त्या फोनची गरजच नसते. गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या ३९-अ कलमाखालचे झोनबदलाचे (जमिनीचा ठरलेला वापर बदलण्याचे) प्रस्ताव राजपत्रात येतात, गाव आणि सर्व्हे क्रमांकासकट. हरकतींना ३० दिवस. तो क्रमांक घेऊन नमुना १ व १४ (गोव्यातला जमिनीचा उतारा) काढा, कब्जेदार कोण ते तिथे दिसतं. नंतरच मंत्र्याला लेखी प्रश्न, मुदत घालून.

माहिती अधिकारात ‘मंजुरी का दिली?’ विचारू नका, हमखास टोलवतात. फाइलवरच्या अधिकाऱ्यांच्या टिपणीची प्रत किंवा फाइलची तपासणी मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, ते दाखल करायलाही ३० दिवसांचीच मुदत. आणि हो, अर्जाची पोच जपून ठेवा.