मदत हवी आहे : व्हेन्लाफॅक्सिनची मात्रा चुकल्यावर होणारा त्रास

माझ्या थोरल्या बहिणीला नैराश्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन सुरू असून, कामाच्या पाळ्या बदलत असल्यामुळे तिची एखादी मात्रा चुकली की दुसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना सुरू होते. फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरचे दुसरे एक औषध) शरीरात बरेच दिवस टिकते, व्हेन्लाफॅक्सिन मात्र काही तासांतच ओसरते, म्हणून असे होते आणि भरपाई म्हणून दुप्पट मात्रा घ्यायची नाही, असे डॉक्टरांनी समजावले आहे. घरातील वडीलधारी मंडळी याला व्यसन म्हणतात (तसे ते नाही), आणि ते ऐकून ती औषध एकदम बंद करण्याच्या गोष्टी करते, ही माझी खरी चिंता आहे. रात्रपाळी करणाऱ्यांनी औषधाची वेळ कशी सांभाळली, आणि मात्रेत बदल न करता वेळ बदलण्याविषयी डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.