पेशींची इजा भरून निघाली नाही, तर ऊतींचे काय होते?

बागाईतदार, निफाड
वडिलांनी ४० वर्षे द्राक्षबागेत काम केले. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मांडवावर पान उरत नाही, त्यामुळे ते दिवस सगळे उन्हातच जातात. त्यांच्या मानेमागची कातडी आता जाड, पिवळसर आणि चौकटी पाडल्यासारखी झाली आहे. बंडीखालची पाठ मात्र अजून मऊ आहे. वय तर दोन्हींचे एकच. इजा झालेल्या पेशी मरतात की तशाच राहतात?

निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड
उन्हातील अतिनील किरणांमुळे डीएनएच्या साखळीतील थायमीन नावाचे लगतचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. पेशीतील विकरे तेवढा तुकडा कापून तिथे नवा बसवतात. अशा दुरुस्तीच्या यंत्रणा उलगडल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिच आणि सॅन्कार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. इजा आवाक्याबाहेर गेली, तर पेशी स्वतःच मरण पत्करते आणि ऊन लागल्यावर सोलून निघणारी कातडी त्यातूनच येते. त्याने ऊतीचे फारसे बिघडत नाही, कारण खालून नव्या पेशी येतात. माझ्या मते खरी डोकेदुखी तिसऱ्याच पेशींची आहे, ज्या मरतही नाहीत आणि विभागतही नाहीत. त्या दाह वाढवणारी द्रव्ये आणि कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारे प्रथिन, तोडणारी विकरे सोडत राहतात, त्यामुळे शेजारच्या धडधाकट पेशींनाही झळ पोहोचते.

बागाईतदार, निफाड
पण कातडी सतत नवी होत असेल, तर मान पुन्हा पाठीसारखी का होत नाही?

निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड
साधारण महिन्याभरात नवा होतो तो फक्त वरचा थर. कोलॅजेन खालच्या थरात असते आणि ते वर्षानुवर्षे बदलत नाही, म्हणून तिथली मोडतोड साचत जाते. हृदयाच्या स्नायूपेशी तर क्वचितच नव्याने तयार होतात. तिथे मेलेल्या पेशींच्या जागी व्रणऊती येते आणि ती आकुंचन पावू शकत नाही.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातपूर
एक गोष्ट राहिली. पेशीला थांबवणाऱ्या पी-५३ या जनुकातच बिघाड झाला, तर इजा झालेली पेशी विभागत राहते आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. वडिलांना बरी न होणारी जखम किंवा पुन्हा पुन्हा खपली धरणारा डाग असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मानेबरोबर कानाच्या पाळ्या आणि खालचा ओठही पाहावा, कारण गांधी टोपीने यांतले काहीच झाकले जात नाही.