मदत हवी आहे: शोस्ताकोविच यांच्या व्हायोला सोनाटाचा शेवटचा भाग शोकाकुल न होऊ देता कसा वाजवावा?

नमस्कार. मी व्हायोला (व्हायोलिनसारखे, पण थोडे मोठे आणि खालच्या पट्टीचे गजाचे वाद्य) वाजवतो आणि गेले काही महिने एका पियानोवादक मैत्रिणीबरोबर रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांच्या व्हायोला व पियानोसाठीच्या सोनाटाचा (ओपस १४७) सराव करत आहे. पहिले दोन भाग बऱ्यापैकी बसले आहेत. तिसऱ्या आणि शेवटच्या भागापाशी, म्हणजे अडाजिओपाशी (संथ गतीच्या भागापाशी), आम्ही अडलो आहोत.

ही रचना १९७५ च्या उन्हाळ्यात पूर्ण झाली आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला शोस्ताकोविच यांचे निधन झाले. ती त्यांची शेवटची रचना आहे हे सतत मनात असल्यामुळे असेल, पण अडाजिओ सुरू झाला की आमची लय रेंगाळू लागते, माझ्या डाव्या हाताचे कंपन प्रत्येक स्वरावर वाढत जाते आणि हा दीर्घ भाग निम्म्यावर येईपर्यंत आमच्याकडे वाजवण्यासारखे नवे काही उरत नाही. ज्यांना ही रचना अर्पण केली आहे, त्या व्हायोलावादक फ्योदोर द्रुझिनिन यांनी असे सांगून ठेवले आहे की हा भाग बेथोव्हेनच्या स्मृतीसाठी असल्याचे संगीतकाराने त्यांना कळवले होते आणि त्याच वेळी हे संगीत उजळ व स्वच्छ आहे असेही म्हटले होते. हे वाचल्यापासून आम्ही मुळातच चुकत आहोत असे मला वाटू लागले आहे.

खरा मतभेद या भागात येणाऱ्या, बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ या पियानो सोनाटाच्या आठवणीवरून आहे. एकाच स्वरावर पुन्हा पुन्हा येणारी ती ठेक्याची आकृती आणि पियानोवरचे सुटे सुटे उलगडणारे स्वरमेळ श्रोत्याला लगेच ओळखू यावेत, यासाठी मैत्रीण तेथे पेडल (पियानोचे स्वर घुमत ठेवणारी पायाची पट्टी) मोकळेपणाने वापरते. मला वाटते की ती आकृती दुसऱ्या खोलीतून ऐकू आल्यासारखी यावी, तिचा ठेका काटेकोर राहावा आणि कंपन जवळजवळ नसावे. मात्र तसे वाजवले की माझा आवाज कोरडा पडतो, आणि तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. ज्यांनी ही रचना मंचावर वाजवली आहे, त्यांनी पेडल किती ठेवले आणि गज घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या) किती जवळ नेला?

दुसरी अडचण अगदी शेवटची आहे. पियानो सी मेजरमध्ये स्थिरावतो आणि व्हायोलाने ई हा स्वर लांबवत हळूहळू विरू द्यायचा असतो. एका गजात तो मला पुरत नाही आणि गज उलटताना, कितीही हलक्या हाताने केले तरी, सांधा ऐकू येतो. तो सांधा कोणत्या क्षणी घ्यावा, पियानोच्या एखाद्या स्वराखाली तो झाकता येतो का, की सुरुवातीपासूनच आवाज इतका कमी ठेवावा की एकच गज पुरेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. सरावाची एखादी नेमकी पद्धत सांगितलीत तर अधिक उपयोग होईल.