पॅप स्मिअर ॲबनॉर्मल, डायरेक्ट पिशवी काढायला सांगितलंय, काय करू?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. वय ४२, दोन मुलं. त्रास काहीच नव्हता, ना अंगावरून जाणं ना मधेच ब्लीडिंग, ऑफिसच्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये होती म्हणून पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) केली आणि रिपोर्टमध्ये एएससी-यूएस आलं, मग एचपीव्ही (शारीरिक संबंधातून पसरणारा व्हायरस) ची टेस्ट केली तर त्याचे १६ आणि १८ हे प्रकार निगेटिव्ह पण 'अदर हाय रिस्क' पुढे ठळक अक्षरात डिटेक्टेड. खाली 'करिलेट क्लिनिकली'. म्हणजे काय करायचं आम्ही, कपाळ?

पहिल्या डॉक्टरबाईंनी दोन मिनिटांत निकाल लावला, मुलं झालीयेत ना, पिशवी काढून टाका, कटकट नको. सासूबाईंना हे लगेच पटलं, गावाकडे त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी जणींच्या चाळिशीच्या आत काढल्यात. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या आधी कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड तपासणं), मग बघू. माझी रिस्क नक्की किती आहे? कॉल्पोस्कोपी दुखते का, भूल देतात का? आणि एक सांगायचं म्हणजे नवऱ्याने एचपीव्ही गुगल केलं तेव्हापासून तोंड पाडून बसलाय, विचारत काही नाही पण कळतं ना.

प्रतिसाद:
ताई, मी सायटोलॉजी (पेशी तपासणाऱ्या) लॅबमध्ये काम करते. दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. एएससी-यूएस म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसल्या, कॅन्सर दिसला असं नाही. त्यात एचपीव्ही पॉझिटिव्ह असेल तर शंभरात साधारण चार जणींना सीआयएन ३ (कॅन्सरच्या आधीचा पेशींमधला गंभीर बदल) किंवा त्यापुढचं सापडतं, त्या चार जणी शोधायलाच कॉल्पो. आणि सीआयएन ३ सुद्धा कॅन्सर नव्हे, उपचार न करता सोडलं तरी ३० वर्षांत साधारण ३० टक्के जणींमध्ये तो कॅन्सरपर्यंत जातो, म्हणजे हातात वेळ असतो, फक्त अंगावर काढू नका. १६-१८ निगेटिव्ह ही चांगली बाजू, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेस त्या दोघांमुळेच असतात. बायोप्सीशिवाय पिशवी काढणं मला तरी अजिबात पटत नाही, आत खरंच काही निघालं तर ते ऑपरेशन अपुरं पडतं, आणि एचपीव्ही योनीमार्गात राहू शकतो तो वेगळाच.

कॉल्पोला भूल सहसा लागत नाही. व्हिनेगरसारखं औषध लावतात, थोडं चुरचुरतं, पांढरा डाग दिसला तर तिथला बारीक तुकडा घेतात, तेव्हा पाळीत येते तशी कळ येते. पाळी चालू असताना जाऊ नका. मिस्टरांना सांगा हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, कधी आणि कोणाकडून आला हे कुठल्याही टेस्टमध्ये कळत नाही. बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातोही.

थँक यू गं, जीवात जीव आला. शेवटचा पॅरा नवऱ्याला फॉरवर्ड केलाय. पाळी झाली की अपॉइंटमेंट घेते. तुकडा काढला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतं का, की रजा टाकू?