मदत हवी आहे: भाचीला तायको (जपानी ढोल) शिकायला सादोला जायचंय

नमस्कार मंडळी. माझी भाची पाच वर्षं पुण्यात ढोल पथकात वाजवतेय. आता तिला जपानच्या सादो बेटावर, 'कोदो' या तायको पथकाकडे शिकाऊ म्हणून जायचंय. दोन वर्षं जुन्या शाळेच्या इमारतीत सगळ्यांनी एकत्र राहायचं, सकाळी धावायचं, भातशेती करायची, वाजवायच्या काठ्या, म्हणजे 'बाची', त्यासुद्धा स्वतःच तासायच्या. मोबाइल नाही. (ताईचा जीव इथेच अडकलाय!) एवढं करून निवड झाली तरच पुढे वर्षभर उमेदवारी.

टिपरू धरून पोरीच्या तळहाताला घट्टे पडलेत, त्यामुळे कष्टाची काळजी नाही. जपानी मात्र जेमतेम एन-फाइव्हपुरतं, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेच्या सगळ्यात खालच्या पातळीपुरतं. वर्षभरात बोलण्याइतकी भाषा येईल का? पुण्यात बोलण्याचा सराव करून घेणारं कुणी माहीत आहे? आणि व्हिसा कुठला लागतो?